खाणीवरच्या गावातली पतसंस्था

प्रश्न : माझे वडील रेडीच्या खाणीवर डंपर चालवायचे. ते गेल्यावर कपाटात गावच्या पतसंस्थेचं पासबुक आणि मुदत ठेवीची पावती सापडली. पतसंस्था म्हणजे बँकच ना? खाण थांबली की ठेवी अडकतात, असं लोक म्हणतात. खरं का?
– एक वाचक, शिरोडा

उत्तर : पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

ठेवी अडकतात हे मी जवळून पाहिलं आहे. खाणपट्ट्यातल्याच एका पतसंस्थेत मी व्यवस्थापक होतो. संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा आमचा माणूस, जेटीजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचा. ड्रायव्हरांच्या हातांची लाल माती नोटांना लागलेली असे, मोजताना आमचीही बोटं लाल होत. नवा डंपर आला की पहिला नारळ १९७६ साली रेडीच्या खाणीत सापडलेल्या गणपतीपुढे फुटायचा, आणि दुसऱ्या दिवशी पेढे आमच्या काउंटरवर.

पावसाळ्यात समुद्र खवळला की खनिज वाहून नेणाऱ्या सपाट बोटी म्हणजे बार्ज बंद, म्हणून डंपरच्या ट्रिपा बंद. त्यामुळे डंपरचे हप्ते आम्ही ऑक्टोबर ते मे असेच बांधायचो. पण २०११च्या डिसेंबरात लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ३० टक्क्यांवर गेलं. आमच्या भागातल्या कमी प्रतीच्या खनिजाला ते झेपेना. डंपर उभे राहिले. कर्जदार डंपरवाला, त्याचे दोन्ही जामीनदार डंपरवाले आणि पिग्मी भरणाराही त्याच खाणीवरचा. वसुली थांबली, आणि त्याच आठवड्यात ठेव मोडायला रांग लागली. त्या कर्जांच्या शिफारशीवर माझीही सही होती. ते मला आजही सलतं.

म्हणून तुम्ही संस्थेत जाल तेव्हा लेखापरीक्षणाचा वर्ग (लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेला दर्जा) आणि थकबाकी तर विचाराच, पण एकाच धंद्यावर किती कर्ज दिलं आहे तेही विचारा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. वडील सभासद असतील तर गेल्या सभेचा अहवाल घरात शोधा, ताळेबंद त्यातच मिळेल. पावतीवर नामनिर्देशन (नॉमिनीचं नाव) आहे का तेही बघा. असेल तर मृत्यू दाखला आणि ओळखपत्र घेऊन जा. नसेल तर वारसाची कागदपत्रं लागतील. मूळ पावती हातातून देण्याआधी तिची झेरॉक्स काढा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.