ठाण्यात नवीन आहोत. येत्या सीझनला कोणती नाटकं बघावीत, कसं ठरवायचं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून ठाण्यात येऊन चार महिने झालेत, दिवाळी ते मे दर महिन्याला एक नाटक बघायचं नवरा-बायकोनी ठरवलंय, तर सात नाटकांची यादी द्या, "शक्यतो मोठ्या नावांची, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत". आणि गाडी लावायला जागा असते का, हेही विचारलंय.

ते अवतरणातलं वाक्य मी गेली पंचवीस वर्षं आमच्या भावोजींच्या तोंडून ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर ऑफिसची फाइल उघडून ठेवली होती.

यादी मिळणार नाही. सात महिन्यांची यादी मराठी रंगभूमीवर कोणाकडेच नसते. निर्मात्यांना नाट्यगृहाच्या तारखा काही महिन्यांच्या टप्प्याने मिळतात, त्यातही शनिवार-रविवारसाठी ओढाताण, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं मध्ये घुसतात, आणि आज जोरात चाललेलं नाटक फेब्रुवारीत बंद झालेलं असू शकतं. मेमध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनला काय लागणार हे आज छातीठोक सांगणारा एकतर स्वतः निर्माता असेल किंवा थापाड्या. शनिवार-रविवारचा पेपर घ्यायचा, जाहिरातींचं पान उघडायचं किंवा तिकिटांच्या ॲपवर बघायचं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांपुरतं ठरवायचं. बस.

आता भावोजी.

डिसेंबर २०१९. ताई-भावोजी कोपरखैरण्याला, आम्ही ठाण्यात चरईत. दरवर्षी दिवाळीनंतर दोन्ही घरं मिळून एक नाटक बघतात, आणि कोणतं बघायचं यावरून भाऊबीजेच्या जेवणावर भांडण ठरलेलं. मी म्हणणार लेखक-दिग्दर्शक बघू, भावोजी म्हणणार जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो कोणाचा ते बघू. त्या वर्षी मी हरलो. मालिकेतला एक नावाजलेला नट होता (नाव सांगत नाही, नाटकाचंही नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता). वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात रविवारी दुपारी चारचा प्रयोग. ऑनलाइन घेतली तर वर फी जाते, म्हणून मी आदल्या रविवारी ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाऊन खिडकीवर अकरा तिकिटं काढली. तीनशेप्रमाणे तीन हजार तीनशे, रोख, माझ्या खिशातून. "नंतर हिशेब करू" असं ठरलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

प्रयोगाच्या दिवशी तिकिटं भावोजींकडे, कारण दारावर तिकिटं दाखवायचा मान त्यांचा. आम्ही अकरा जण एका ओळीत बसलो. दुसरी घंटा झाली आणि पडद्यापुढे व्यवस्थापक आले. प्रकृती अस्वास्थ्यामुळे अमुक आज काम करू शकत नाहीत, त्यांच्या जागी अमुक भूमिका करतील, ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांना आत्ताच खिडकीवर मिळतील, रसिकांनी सांभाळून घ्यावं. कुरकुर झाली. काही लोक उठले. आमच्या ओळीत भावोजी उठले, आणि त्यांच्यामागे ताई, भाचा, भावोजींचा भाऊ, त्याची बायको, आमचा मुलगा आणि, हे लिहिताना अजूनही हात थांबतो, आमची ही. म्हणाली, "तसंही मला डोकं दुखतंय."

उरलो चार. मी, माझी आई, भाची आणि भावोजींची आई. दोन्ही म्हाताऱ्या काही नाट्यप्रेमाने थांबल्या नव्हत्या. "आत्ता बसलोय, पुन्हा कोण उतरेल पायऱ्या" एवढाच त्यांचा मुद्दा होता. भावोजींनी चार अर्धुकं माझ्या हातात कोंबली आणि सात घेऊन गेले.

रिप्लेसमेंटला आलेला नट कोवळा होता, तिशीचा असेल, आणि भूमिका पंचावन्नच्या माणसाची. कोट मूळ नटाच्या मापाचा. पहिल्या प्रवेशात त्याने फोन उचलला तर बाहीतून नुसती बोटांची टोकं दिसली. मागून कोणीतरी हसलं. मलाही वाटलं, झालं, आज भावोजी जिंकले. मध्ये विंगेत गेला तेव्हा कोणीतरी बाह्या आत दुमडून पिना लावून दिल्या असणार, कारण परत आला तेव्हा हात दिसत होते. मग पहिल्या अंकाच्या शेवटाकडे घराच्या कागदांवर सही करायचा प्रसंग होता. त्याने पेन घेतलं आणि उजव्या बाहीची पिन सुटली. बाही घसरून पेनावर आली. तो थांबला. त्याच्या बायकोचं काम करणारी बाई मुरलेली होती. तिचं तेव्हा मोठं रागाचं वाक्य चालू होतं. ते वाक्य न तोडता, आवाज जराही खाली न आणता ती त्याच्याजवळ गेली, बाही दुमडली, पिन लावली, बाहीवरून एकदा हात फिरवला आणि वाक्य पूर्ण केलं. नवऱ्यावर चिडलेली बाई त्याच्या शर्टाचं बटण लावते तसं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि सही केली. सबंध थिएटर गप्प. भावोजींच्या आईने माझा हात धरला होता, तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही.

हे त्या नाटकात लिहिलेलं नव्हतं. मी दोन महिन्यांनी मुद्दाम मूळ नटासकट त्याच नाटकाचा प्रयोग पुन्हा बघितला (एकटा, बाल्कनीतून). छान झाला. कोट अंगावर बेतलेला होता, सही झाली, टाळ्या पडल्या. पण ते नव्हतं.

बाहेर आलो तर मंडळी वाशीतल्या एका हॉटेलात पावभाजी आणि फालुदा खाऊन तृप्त. कोणाच्या पैशांनी? सात तिकिटांचे दोन हजार शंभर परत मिळाले होते त्या पैशांनी. मी हिशेब काढला तर भावोजी म्हणाले, "आम्ही नाटक बघितलंच नाही, कशाचे पैसे?" तिकिटं माझी, परतावा त्यांचा, पावभाजी सगळ्यांची, आणि मला वर एक पार्सल, गार झालेलं. आजतागायत ते दोन हजार शंभर आलेले नाहीत. दर दिवाळीला मात्र "तू आम्हाला वाशीला नेऊन फसवलंस" हे येतं. नाटक निवडलं त्यांनी, फसवलं मी!

तर तुम्हाला सांगायचं ते एवढंच की नाटक निवडू नका, प्रयोग निवडा. कोणतं नाट्यगृह, कोणती वेळ, कितवा प्रयोग, कोणती रांग. पहिले पाच-सात प्रयोग नाटक ओलं असतं, प्रकाशयोजना हुकते, कोणीतरी वाक्य गिळतो. दहा ते पन्नास या टप्प्यात गाठा. पुढे दोनशे-तीनशे झाले की विशेषतः विनोदी नाटकात ॲडिशन (नटांनी पदरची घातलेली वाक्यं) इतक्या वाढतात की मूळ संहिता शोधावी लागते. जाहिरातीत प्रयोगाचा आकडा बहुतेक वेळा छापलेला असतो, तो वाचा. आणि बारीक अक्षरांत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश यांची नावं असतात, तीही. एखाद्या दिग्दर्शकाची दोन नाटकं आवडली असतील तर तिसरं डोळे झाकून घ्या. "हसून हसून लोटपोट" असं ज्या जाहिरातीत लिहावं लागतं तिथे मी जात नाही. हा माझा हट्ट आहे, तुम्ही जा.

जागेचं म्हणाल तर पहिल्या दोन रांगा फुकट मिळाल्या तरी नको, नटांचे बूट दिसतात. पाचवी ते दहावी, मधली. ती नसेल तर कडेच्या महागड्या खुर्चीपेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी, नेपथ्य सबंध दिसतं.

गडकरी रंगायतन १९७८ पासूनचं, मधे दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. ठाणेकरांचं प्रेम त्याच्यावर, माझंही. प्रेक्षक तिखट आहे, फसलेलं वाक्य तिथे लगेच कळतं, म्हणून नटही जपून असतात. घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, तिथे मोठ्या थिएटरबरोबर एक छोटंही आहे. छोट्यात काय चाललंय ते अधूनमधून बघत जा, ज्या नाटकांना मोठी जाहिरात परवडत नाही ती तिथे सापडतात. वाशीला विसरू नका, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने अर्धा तास. ज्यांच्या नावाने ते नाट्यगृह आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा कोणाचा फोटो मोठा होता, हा प्रश्न मी भावोजींना एकदा विचारला होता. त्यांनी विषय बदलला.

सातातला एक महिना मात्र राज्य नाट्य स्पर्धेला द्या. हौशी संघांची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते, ठाणे केंद्रावरही होते, तिकीट नाममात्र. चार संध्याकाळी गेलात तर दोन नाटकं वाईट, एक बरं आणि एक असं निघेल की व्यावसायिकवाले शरमतील. चारही एका व्यावसायिक तिकिटापेक्षा स्वस्तात. तिथे एकाही नटाचं नाव तुम्हाला माहीत नसेल. भावोजींना मी तीन वर्षं बोलावतोय.

आता थोडं सरळ बोलतो, नाहीतर ताई हे वाचून फोन करेल. मोठं नाव बघून जाण्यात मुळात चूक काही नाही. प्रशांत दामल्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. इतक्या वेळा तिसऱ्या घंटेला हजर असणारा माणूस असेल तर नावावर पैसे लावायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती फक्त मालिकेतल्या चेहऱ्याला नाटकाचा दाखला समजण्याला. शिवाय "लवकर बघा, नाटक बंद होतं" हा माझा नियमही प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. 'चारचौघी' १९९१ मध्ये आलं तेव्हा माझी परीक्षा होती, मग नोकरी, मग राहिलंच. २०२२ मध्ये मूळ दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनीच ते पुन्हा उभं केलं तेव्हा एकतीस वर्षांनी बघितलं. पण यावर विसंबू नका, अशी किती परत येतात?

आणि रिप्लेसमेंट दर वेळी पिनवाला निघत नाही. दोनदा अक्षरशः वाक्यं वाचून दाखवल्यासारखं काम बघितलंय, तेव्हा मीही उठलो असतो तर बरं झालं असतं. हे भावोजींना सांगू नका.

भावोजींची आई आता ब्याऐंशीची आहे. नाटकाला नेणं जमत नाही. पण मी कोपरखैरण्याला गेलो की चहा यायच्या आधी विचारते, "त्या पिनवाल्याचं नवीन काही लागलंय का रे?" लागलेलं असतं कधी कधी. पेपरातली जाहिरात कापून नेतो, ती चष्मा लावून बारीक अक्षरांतलं त्याचं नाव शोधते. भावोजी तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतात.

तिकिटं दोघांचीच आहेत म्हणजे तुम्हाला हिशेबाचा त्रास नाही. पण शेजारीपाजारी "आमचीही काढा" म्हणाले तर पैसे आधी घ्या. आधी म्हणजे खिडकीवर जायच्या आधी.

गाडीचं राहिलंच. गडकरीला गाडी नेऊ नका. रविवारी संध्याकाळी शेजारच्या तलावपाळीला अर्धं ठाणं फिरायला आलेलं असतं, स्टेशनवरून चालत बारा-पंधरा मिनिटांत पोचाल. घाणेकरला गाडीशिवाय अवघड, पण घोडबंदरचा ट्रॅफिक धरून एक तास आधी निघा. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत येणाऱ्यांबद्दल मला जे म्हणायचंय ते इथे लिहिता येणार नाही.