पहिल्या पावसाआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयातलं काम मिळालं आणि पहिलाच पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आधी कपाटांचं बोलू. बेळगाव-खानापूरकडची झड एकदा लागली की आठ-आठ दिवस उघडत नाही. कागद ओल ओढून घेतो आणि बुरशी आधी कापडी पुठ्ठ्यावर धरते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे घे, खालचा खण जमिनीपासून वीतभर वर ठेव. पुस्तकं सैल लाव, म्हणजे मधोमध धरून काढता येतात. वरच्या कडेला बोट अडकवून ओढलं की पाठ फाटते. झडीत खिडक्या बंद आणि पंखा चालू, ऊन पडलं की उघड. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळलेला. ओला पाला स्वतःच ओल घेऊन येतो.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नकोस, पुठ्ठा वाकतो. पंख्याखाली उभं उघडून ठेव, दर दहा-पंधरा पानांत टिपकागद घाल आणि तो ओला झाला की बदल. गुळगुळीत छपाईची पानं आधी सोडव, ती वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच नको. तिचा डिंक पिवळा पडतो आणि कागद खातो. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली खळ आणि पातळ टिश्यूची पट्टी, एवढं पुरे. बांधणीवाले कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, हात धुवायचे. दुपारी हॉल शांत असताना अशी चार पानं जोडण्यात जो आनंद आहे, तो मला या पेशातला सगळ्यात गोड वाटतो.

वाचन मात्र आवडीच्या कपाटातच अडकू देऊ नकोस. पाच वर्षांत कुणी न नेलेलं एक पुस्तक दर आठवड्याला काढ, अनुक्रमणिका आणि पहिलं प्रकरण वाच. वाचकाला काय द्यायचं, हे तिथे कळतं.

अंगणात कुंड्या ठेव, पण कपाटांपासून लांब. आपली लाल माती वाळली की दगड होते, म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. मोगऱ्याला थंडीत पंधरा दिवस पाणी तोड, मग छाट आणि खत घाल. फुलं नव्या फुटीवरच येतात. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्या कुठून चढतात ते बघ, कारण त्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याला राखतात. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवार. कुंडीवर दोन्ही लिपींत नाव लिही: मोगरा, मल्लिगे, जास्वंद, दासवाळ. कन्नड वाचक आधी झाडाशी बोलेल, मग तुझ्याशी.

आणि आखाड्याकडे जात जा. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात बागकाम 635, कुस्ती 796.812, आकडा पाठ होईल, पण एखादं पोर ‘ढाक’ किंवा ‘धोबीपछाड’ म्हणत आलं तर आकडा कामाला येत नाही. डाव डोळ्यांनी बघितलेला हवा. गादीवर गुण मोजतात, मातीतल्या निकाली कुस्तीत पाठ टेकली की संपलं, म्हणून पकड बघायची ती मातीवर. माती कशी केली आहे तेही विचार: गाळलेल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात, तेल-ताकानं ती मऊ राहते. डावांची नावं पैलवान उच्चारतात तशीच वहीत उतरव. फक्त चपला बाहेर काढ, आणि वस्तादांना विचारल्याशिवाय मातीत पाय टाकू नकोस.