भांडण गाळू नकोस

प्रिय लेकी,

सलाम.

पत्र मिळालं. दोन घरांनी तुला दोन वेगळे इतिहास सांगितले, आणि कमिटी म्हणते की १९७० नंतरचं काही छापूच नकोस, खपली निघेल. मग स्मरणिकेत घालायचं काय, असं तू विचारतेस. भांडण घालायचं. ते गाळून बाकीचं लिहिशील तर आपल्या ब्रदरन मंडळीचा इतिहास नाही होणार, देणगीदारांची यादी होईल.

सुरुवातीचा भाग सोपा आहे. १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाऊ गावी एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला, पाच पुरुष आणि तीन बाया. जाणत्या वयात असा बाप्तिस्मा घेणं तेव्हा कायद्याविरुद्ध होतं. १७१९ पासून ही माणसं पेनसिल्व्हेनियात जाऊ लागली. तिथल्या मंडळ्यांनी पाठवलेले विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन १८९५ मध्ये वलसाडला येऊन राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळातली अनाथ लेकरं, मग डहाणू, वाडा, पालघर, डांगातलं आहवा. हे सगळं दोन पानांत उरक.

त्या आठांचा पुढारी अलेक्झांडर मॅक, त्याला बाप्तिस्मा कोणी दिला ते त्यांनी ठरवून गुपित ठेवलं, मग आपणही काही गोष्टी झाकल्या तर काय बिघडलं, असं कमिटीतल्या कोणी तुला ऐकवलं म्हणे. बिघडतं. त्यांनी नाव झाकलं ते कोणी एकाला मोठेपणा मिळू नये म्हणून. तुला नावं झाकायला सांगतायत ती आपली चूक दिसू नये म्हणून. यातला फरक तुला कळतो, उगाच गोंधळलेली राहू नकोस.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात आपण ब्रदरनही होतो. काही घरांना तो आनंद वाटला. काहींना वाटलं, आपलं तीनदा बुडवून बाप्तिस्मा देणं, पाय धुणं, शस्त्र न धरणं, हे सगळं आता कोणाच्या हाती गेलं? मग जमिनी आणि इमारती कोणाच्या, हा प्रश्न आला. गुजरातेतल्या ब्रदरन मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, २०१३ मध्ये निकाल लागला. त्रेचाळीस वर्षं! आणि तुला म्हणतात, लिहू नकोस.

मागची पुस्तिका मी लिहिली होती, तुला ठाऊकच आहे. त्या एकत्रीकरणातून बाहेर पडलेली घरं मी तिच्यात घेतली नाहीत. तेव्हा मला वाटलं, दोन्हीकडची लेकरं एका बाकावर बसणार आहेत, कशाला उकरून काढायचं. आजही म्हणतो, माझ्या मनात पाप नव्हतं. पण त्या घरांतले एक आजोबा पाड्यावर बावीस वर्षं रात्रीची शाळा चालवत होते. प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत उलटली, मिटली, माझ्या टेबलावर ठेवली आणि छत्री घेऊन निघाले. पुन्हा आले नाहीत. मीही त्यांच्या दारी गेलो नाही.

याच माणसाने एका प्रीतिभोजनाला, म्हणजे एकमेकांचे पाय धुऊन एकत्र जेवायच्या आपल्या विधीला, माझे पाय धुतले होते. आवणीचे दिवस होते, टाचांच्या भेगांत चिखल बसलेला. कमरेला टॉवेल बांधून ते घमेल्याशी बसले आणि अंगठ्याने एकेक भेग साफ केली. मी पाय मागे ओढला तर म्हणाले, "राहू दे, अजून आहे." त्यांचं नाव मी गाळलं.

प्रीतिभोजनाआधी मंडळीचे सेवक घरोघर जायचे, आठवतं का तुझ्या आजीला विचार. मंडळीशी तुमची शांती आहे ना, एवढंच विचारायचे. नसेल तर आधी ते मिटवायचं, मग पंगतीला बसायचं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलंच ते. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा. इतिहासही तसाच लिहायचा असतो. भांडण गाळू नकोस म्हणतो ते एवढ्यासाठी, चव्हाट्यावर मांडायला नाही. एका घराचं ऐकलंस ते त्या घराच्या नावाने लिही, दुसऱ्याचं दुसऱ्याच्या. निवाडा तू करू नकोस, तुझं ते काम नाही. कमिटी नाही म्हणाली तर लिहिलेलं माझ्याकडे आणून दे, छपाईचं मी बघतो.

आणि बायबल स्त्रियांची, म्हणजे गावोगाव जाऊन बायबल शिकवणाऱ्या बायांची, नावं शोध. मी सगळ्या पाळकांची लिहिली, त्यांची दोनच लिहिली. त्या अनवाणी चालत पाड्यांवर जायच्या.

बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर माझ्याकडे आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण नावं वाचता येतात. पाऊस लागायच्या आत ये. आधी त्या आजोबांच्या सुनेकडे जाऊ. मी तुझ्याबरोबर येतो. बोलायला सुरुवात मात्र मी करणार, इतक्या वर्षांनी तेवढं माझ्याकडे लागतं.

तुझा,
काका