‘ई-व्हेरिफाय’मध्ये नाव जुळले नाही, तर नोकरी जाते का?

प्रश्न : माझी मुलगी अ‍ॅरिझोनात एम.एस. करून फिनिक्सच्या एका कंपनीत नुकतीच रुजू झाली. सरकारी नोंदींशी नाव जुळत नसल्याचे कंपनीने तिला कळवले आहे. ती घाबरून राजीनामा द्यायला निघाली आहे. कॅलिफोर्नियातील तिच्या मैत्रिणीची अशी तपासणी झाली नाही. असे का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : राजीनामा देऊ नको, असे मुलीला आजच फोन करून सांगा. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार अमेरिकेत प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याची कागदपत्रे पाहून मालकाला ‘आय-९’ हा कामाच्या पात्रतेचा फॉर्म भरावाच लागतो. मात्र ती माहिती ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी ऑनलाइन यंत्रणेद्वारे केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहण्याची सक्ती राज्यागणिक बदलते. अ‍ॅरिझोनाने २००७ च्या कायद्याने ती सर्व मालकांवर घातली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. फ्लोरिडात २०२३ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी मालकांना ती लागू आहे. कॅलिफोर्नियात राज्य वा शहर अशी सक्ती करूच शकत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत गोम बहुधा नावात असते. पासपोर्टवर मुलीचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात छापलेले असते, सोशल सिक्युरिटी कार्डावर (अमेरिकी सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाच्या कार्डावर) ते वेगळ्या प्रकारे आलेले असते आणि कंपनीच्या फॉर्मवर ती सवयीने फक्त नाव-आडनाव लिहिते. तेव्हा तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

कंपनीने तिला याबाबतची लेखी नोटीस एकांतात द्यायला हवी. ‘हा निष्कर्ष मला मान्य नाही’ असे तिने त्यावर नोंदवले की कंपनी प्रकरण पुढे पाठवते आणि तेव्हापासून ८ सरकारी कामकाजाच्या दिवसांत नोटिशीत सांगितलेल्या कार्यालयाशी तिने संपर्क साधायचा असतो. निकाल लागेपर्यंत केवळ या कारणावरून तिला काढता येत नाही, घरी बसवता येत नाही की पगारही कापता येत नाही. ती गप्प राहिली, तर मात्र कंपनीला तिला काढण्याची मुभा मिळते. नोंदीतली तफावत निस्तरण्याचा सारा भार नवख्या कर्मचाऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते, पण मुदत पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या पदवीधरांना शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीला मिळणारी २४ महिन्यांची मुदतवाढ ‘ई-व्हेरिफाय’मध्ये नोंदलेल्या मालकाकडेच घेता येते, त्यामुळे ही कंपनी सोडून तिचे नुकसानच होईल. कार्यालयात जाताना नोटीस, पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी व्हिसासाठीचा दाखला) आणि कामाचा परवाना तिने सोबत ठेवावा, तसेच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयालाही कळवावे.