तीन मैलांना थोडं कमी

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोपेचं खोबरं झालं. प्रश्न तसा साधाच. कोल्हापुरातून नर्स म्हणून वेल्सला येताय, कार्डिफच्या आसपास नोकरी पक्की झालीय, मुलगा यंदा सहावीत, मिस्टरही सोबत येणार. तिथल्या सरकारी सेवा, बस, रेल्वे, शाळा कशा आहेत, आणि काही अडलं तर सरकार दाद देतं का? आणि खाली एक ओळ, एकटं पडायला होतं का?

व्हिसा, नोंदणी, पगाराचे टप्पे यातलं काही मी लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि तुमच्या एजन्सीनेही जाडजूड फाइल दिलीच असेल.

एकटेपणाचं आधी उरकून टाकतो. वाटतं. पहिला हिवाळा जड जातो, नंतर सवय होते. गणपती बसतो, मोदक मिळतात. पुढे.

माझी बायको नर्स आहे. मी तिच्या मागून आलो, २०२१ च्या नोव्हेंबरात, मुलीला घेऊन. त्यामुळे हे उत्तर खरं तर तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या. मी मूळचा मिरजेचा. सांगलीला एका सरकारी कचेरीत चौदा वर्षं लिपिक होतो, त्यातली सहा बारनिशीवर. म्हणजे आलेल्या अर्जावर शिक्का मारून तो टेबलाटेबलांवर फिरत राहील याची काळजी घेणं हे माझं काम. आपल्याकडे माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ ला आणि देशात २००५ ला आला, मुदत तीस दिवसांची. तिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता जावक नंबर कसा टाकायचा, यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे अभिमानाने सांगत नाही, पण पुढचं कळायला उपयोगी पडेल.

इथे पहिली अडचण ही, की दार कुठलं ठोठवायचं तेच कळत नाही. व्हिसा, पोलीस, कोर्टकचेऱ्या लंडनच्या हातात. दवाखाना, शाळा, बहुतेक रस्ते आणि बस कार्डिफच्या हातात. म्हणजे वेल्सच्या स्वतःच्या सरकारच्या, ते ज्या सभागृहाला उत्तर देतं त्याचं नाव सेनेद. १९९७ च्या सार्वमतात जेमतेम पावणेसात हजारांच्या फरकाने हे सरकार मिळालं. शाळा आणि कचरा प्रत्यक्ष सांभाळायचा काउन्सिलने, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेने. रेल्वेची तर निराळीच तऱ्हा. २०२१ पासून गाड्या वेल्स सरकारची कंपनी चालवते. रूळ मात्र लंडनच्या अखत्यारीत, फक्त कार्डिफच्या उत्तरेच्या दऱ्यांमधले सोडून. ते २०२० मध्ये वेल्सने ताब्यात घेतले आणि वर विजेच्या तारा टाकल्या. लंडनहून उत्तरेला निघालेला जलदगती रेल्वेमार्ग वेल्समधून एक इंचही जात नाही, तरी कागदोपत्री तो ‘इंग्लंड आणि वेल्स’चा प्रकल्प. त्यामुळे प्रकल्पाबाहेरचा म्हणून स्कॉटलंडला त्याबदली पैशाचा वाटा मिळाला आणि प्रकल्पातला म्हणून वेल्सच्या हाती भोपळा. इथल्या म्हाताऱ्या माणसांसमोर हा विषय काढू नका, चहा गार होईल.

आणि बस! बसवर इथे १९८६ पासून बहुतेक खासगी कंपन्यांचं राज्य. परवडतो तो मार्ग चालवायचा, नाही तो बंद. संध्याकाळची बस का काढली म्हणून विचाराल, तर उत्तर येतं की तो कंपनीचा व्यावसायिक निर्णय आहे. मार्ग आणि वेळापत्रक पुन्हा सरकारने ठरवावं यासाठी २०२५ मध्ये सेनेदपुढे विधेयक आलं. पण कागदावरचा कायदा आणि थांब्यावरची बस यांत किती वर्षांचं अंतर असतं, हे मी बारनिशीवर बसून पाहिलंय.

आता माझं रडगाणं.

आलो तेव्हा घर घेतलं ते भाडं कमी आणि बायकोच्या बसथांब्याजवळ म्हणून. गाव दरीतलं, एकाला एक चिकटलेली घरं, मागे डोंगर. शाळेला पत्त्याचा पुरावा म्हणून काउन्सिल टॅक्सचं बिल हवं. बिल यायला तीन आठवडे. बँकेचं पत्र चालेल म्हणाले, तर बँकेलाही पत्त्याचा पुरावा हवा. या चक्रात मुलगी पाच आठवडे घरी. खिडकीत बसून समोरून जाणाऱ्या बसचे नंबर वहीत लिहायची. ती वही अजून माझ्याकडे आहे. (तुमच्या वेळी घरभाड्याच्या कागदावर ‘ऑक्युपेशन कॉन्ट्रॅक्ट’ असं नाव असेल. वेल्समध्ये डिसेंबर २०२२ पासून तसंच आहे. इंग्लंडमधल्या कुणी ‘टेनन्सी अॅग्रीमेंट’च माग म्हणून सांगितलं तर भांडत बसू नका.)

पुढच्या सप्टेंबरात ती मोठ्या शाळेत गेली. वेल्सचा २००८ चा कायदा असा, की प्राथमिक शाळा दोन मैल किंवा जास्त लांब असेल, किंवा माध्यमिक शाळा तीन मैल किंवा जास्त, तर मुलाला नेण्या-आणण्याची सोय फुकट. अंतर मोजायचं ते सगळ्यात जवळच्या ‘उपलब्ध’ पायवाटेने. आमचा अर्ज नाकारला. अंतर २.८ मैल.

ती पायवाट म्हणजे जुन्या कोळशाच्या रेल्वेचा मार्ग. रूळ कधीच उखडले, आता तिथे डांबरी पट्टा. नोव्हेंबरात सव्वाचारला तिला आणायला निघालो तेव्हा अंधारून आलं होतं, पाचोळा भिजून पाय सटकत होता. शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत फोनने अंतर दाखवलं २.९३. मग काउन्सिलचं २.८ आलं कुठून? तर त्यांनी शाळेच्या मागच्या फाटकापर्यंत मोजलं होतं. त्या फाटकाला कुलूप. मी तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन कुलपाचे फोटो काढले. गंजलेलं, पितळी, खाली चिमणीच्या आकाराचा शेवाळाचा ठिपका. अजून डोळ्यांसमोर आहे. आणि आम्ही रस्त्याला लागलो की शाळेची बस आमच्या शेजारून जायची, अर्धी रिकामी. २.९३ चेही तीन होत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण एकदा कुलूप पाहिल्यावर मागे कसं हटणार?

लिहायला बसलो. नगरसेवक म्हणाले, कायदा कार्डिफचा. सेनेदमधल्या आमच्या सदस्यबाईंनी मंत्र्यांना पत्र लिहिलं. मंत्र्यांच्या कार्यालयाकडून उत्तर आलं, काउन्सिल हवं तर नियमापलीकडे जाऊन सोय देऊ शकते, अधिकार तिचा. काउन्सिल म्हणाली, अधिकार आहे हो, पैसे नाहीत, कार्डिफ देत नाही. कार्डिफ म्हणतं लंडन देत नाही. खासदारांच्या कार्यालयाने अगदी अदबीने कळवलं, हा विषय आमच्याकडे येत नाही. ते पत्र हातात घेऊन मी एकटाच हसलो. ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव रवाना’ असं मराठीत किती हजार वेळा लिहिलं असेन मी!

फरक एवढाच की इथे उत्तर येतं. प्रत्येक पत्राला, सांगितलेल्या मुदतीत, खाली माणसाचं नाव आणि फोन नंबर. माहितीचा अधिकार इथेही आहे, मुदत कामकाजाच्या वीस दिवसांची. मी विचारलं, त्या बसमध्ये आसनं किती, पास किती. उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. पलीकडचा कलाकार मी लगेच ओळखला. आसनं त्रेपन्न, पास एकतीस.

शेवटी लोकपालांकडे गेलो. ताई, हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. लोकपाल निर्णय चूक की बरोबर हे सहसा बघत नाहीत. तो घेताना पद्धत पाळली का, उत्तर वेळेत दिलं का, ते बघतात. आधी त्या संस्थेकडे तक्रार केलेली असावी लागते, आणि घटनेला वर्षापेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा. अकरा महिन्यांनी माझ्या हाती काय पडलं? एका पत्राला उशीर झाल्याबद्दल काउन्सिलची माफी. बस नाही.

एकदा सेनेदमध्येही जाऊन बसलो. कुणीही जाऊ शकतं, पिशव्या तपासतात एवढंच. मंगळवारी दुपारी दीड वाजता मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारतात, सार्वजनिक गॅलरी सभागृहाच्या वर आहे, काचेतून खाली सगळे दिसतात. वरती लाकडाचं मोठं नरसाळं. कुणी वेल्शमध्ये बोललं की कानातल्या यंत्रातून इंग्रजी ऐकू येतं. शाळेच्या वाहतुकीवर एक प्रश्न निघाला. उत्तर आलं की मार्गदर्शक सूचनांचा फेरविचार चालू आहे. मिनिटभरात पुढचा प्रश्न, दाताच्या डॉक्टरांचा. आमच्या कचेरीत अधिवेशनाचा तारांकित प्रश्न आला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे रात्री दहापर्यंत माहिती जुळवत बसायचे. त्या माहितीचं पुढे काय होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेही परमुलखात.

सरकार हललेलं एकदाच पाहिलं. १७ सप्टेंबर २०२३ ला वस्तीतल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी तीस मैलांवरून वीसवर आणली. एकतीस लाखांच्या मुलखात विरोधाच्या अर्जावर चार लाख एकोणसत्तर हजारांवर सह्या पडल्या. पुढच्या वर्षी सरकारने काही रस्त्यांवर पुन्हा तीस करायला वाट मोकळी केली. मी सही केली नव्हती, मला वीसच बरं वाटतं. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत वेल्शमध्ये ‘हळू’ लिहिलेलं असतं, त्याचा उच्चार ‘आरव’. आमच्या भाच्याचं नाव आरव. तो तसा अजिबात हळू नाही. असो. सांगायचं ते हे, की पाच लाख माणसं एका बाजूला आणि बावीस रिकामी आसनं दुसऱ्या बाजूला, यात मी कुठे होतो ते मला फार उशिरा कळलं.

मुलीनेच विचारलं. मी टेबलावर फाइल पसरून बसलो होतो, ती वेल्शचा गृहपाठ करत होती (सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श सक्तीची आहे, घाबरू नका, मुलं पटकन शिकतात). म्हणाली, “बाबा, हे तू माझ्यासाठी लिहितोस की तुझ्यासाठी?” नाताळपासूनच ती दोन मैत्रिणींबरोबर त्या वाटेने चालत येत होती. तिला ते आवडायला लागलं होतं. तिघींनी एका झाडाला नावसुद्धा ठेवलं होतं. मला सांगितलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, तू बिझी होतास.

तेव्हा मी रात्री गोदामात खोकी लावत होतो. आठ तासांत कुणी नावाने हाक मारत नसे, गळ्यात नंबर असायचा. पत्रांवर मात्र माझं आडनाव एकही अक्षर न चुकता छापलेलं असायचं. सकाळी दाराच्या फटीतून पाकीट पडल्याचा आवाज आला की मी अर्धवट झोपेतून उठून जायचो. सांगलीला एक आजोबा दर सोमवारी यायचे, विहिरीच्या भरपाईचा अर्ज होता त्यांचा. मी न बघताच सांगायचो, साहेब दौऱ्यावर आहेत. ते बरं म्हणायचे आणि तरी पंख्याखाली अर्धा तास बसून राहायचे. मला वाटायचं, उन्हाचे बसतात.

तर तुमच्या मिस्टरांना सांगा, आल्या आल्या मतदार यादीत नाव घाला. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही आपल्याला इथे सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. मिरजेतलं मत मला तिथे जाऊनच द्यावं लागेल, इथे घरापासून चार मिनिटांवर. सेनेदच्या सदस्यांची संख्या २०२६ च्या निवडणुकीपासून साठाची शहाण्णव झाली, एकेका मतदारसंघात सहा. मत मात्र आता पक्षाच्या यादीला, माणसाला नाही. मला हे पटलेलं नाही. नाव घेऊन जाब विचारायला एक माणूस बरा असतो.

औषधं फुकट आहेत, २००७ पासून, डॉक्टरची चिठ्ठी असली की झालं. दवाखान्यात थांबावं लागतं, ते तुम्हाला आतून दिसेलच. मुलगा प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात बसला तर दुपारचं जेवणही फुकट, शाकाहारी सांगितलं की देतात, चव नसते.

आणि घर. भाडं, बाथरूम, खिडक्या नंतर बघा. आधी शाळेपर्यंतची पायवाट चालून बघा, हिवाळ्यात येत असाल तर चारनंतर. मागचं फाटक असेल तर तेही धरून मोजा. दोन-तीन घरं मनात भरली की त्यांचे पोस्टकोड मला पाठवा. रविवारी मला सुट्टी असते, जाऊन मोजून येतो.