लायकेन स्क्लेरोससवर दिलेलं स्टेरॉइड मलम नाजूक जागी लावावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 56 आहे, दोन वर्षं खाज आहे आणि तेवढा काळ बुरशीची औषधं चालली, योनिमुखाभोवतीची कातडी पांढरी पडलीय आणि आता लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या जुनाट आजाराचं निदान झालंय. क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मलम आणलंय, पण आतल्या कागदावर 'नाजूक जागी वापरू नये' वाचून ट्यूब कपाटात ठेवून दिलीत.

लावा. तो इशारा सरसकट असतो. उठसूट कुणी जांघेतल्या गजकर्णावर हे चोपडू नये म्हणून. या आजारात मात्र 0.05 टक्के क्लोबेटासॉल हाच पहिला उपाय आहे. क्रीमपेक्षा ऑइंटमेंट (तेलकट मलम) बरं, चिरा पडलेल्या कातडीला ते कमी झोंबतं.

नेहमीची पद्धत अशी: 4 आठवडे रोज रात्री, पुढचे 4 एक दिवसाआड, त्यानंतरचे 4 आठवड्यातून दोनदा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, रेघेपासून टोकापर्यंत मलमाची पट्टी काढली की अर्धा ग्रॅम होतं. एका वेळेला तेवढं पुष्कळ. या 12 आठवड्यांत 50 वेळा लावून 25 ग्रॅम, म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब तीन महिने जायला हवी. महिन्यात संपली तर जास्त लागतंय. आणि तीन महिन्यांनी निम्मी उरली असेल तर तुम्ही भीत भीत लावताय, हेच जास्त वेळा होतं.

पहिल्यांदा आरसा घेऊन बसा. पांढरी, सुरकुतलेल्या पातळ कागदासारखी दिसते तेवढीच कातडी धरायची. मांडीच्या घडीत मलम जाऊ देऊ नका, तिथली कातडी लवकर पातळ होते. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. पांढरेपणा राहिला तरी हरकत नाही, कातडी मऊ झाली का ते बघा. योनिमुखाच्या चिकटलेल्या पाकळ्या मात्र मलमाने सुटत नाहीत, म्हणून उशीर नको.

साबण, तुरटीचं पाणी, 'इंटिमेट वॉश', जंतुनाशक सगळं बंद. नुसतं पाणी पुरे. लघवीला आग होते म्हणून बायका पाणी कमी पितात, मग लघवी दाट होते आणि आग आणखी वाढते. त्याऐवजी जायच्या आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा.

दोन वर्षं बुरशीची औषधं का चालली? रात्रीची खाज म्हणजे बुरशी असं धरलं जातं, आणि दुकानात मिळणाऱ्या मिश्र क्रीममध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं, त्याने चार दिवस बरं वाटतं. हे कोडही नाही. कोडात कातडीचा पोत बदलत नाही. संसर्गजन्य नाही, नवऱ्याला होणार नाही. संबंधाच्या वेळी दुखतं ते चिरांमुळे आणि योनीचं तोंड आवळल्यामुळे. तपासणीत हे आपणहून सांगा. झोप मोडणं, बसता न येणं, जवळीक टाळणं यावरूनही आजार किती आटोक्यात आहे ते कळतं, पण अनेक डॉक्टर विचारत नाहीत.

तीन महिन्यांनी दाखवा, नंतर वर्षातून एकदा. कर्करोगाचा धोका शंभरात पाचांहून कमी, नियमित उपचारांनी आणखी घटतो. न भरणारी जखम, गाठ किंवा जाड खरखरीत चट्टा दिसला तर मात्र तारखेची वाट पाहू नका. जागा बधिर करून कातडीचा 4 मिलिमीटरचा तुकडा तपासायला घेतात, दहा मिनिटांचं काम आहे.