केमिस्ट्री सोडून बायोटेकला जाऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. केमिस्ट्रीच्या डिग्रीचं पहिलं वर्ष चालू आहे, बारकोडवाल्या धातूच्या कणांबद्दल (सोन्या-चांदीच्या पट्ट्यांवरून ओळखू येणाऱ्या अतिसूक्ष्म काड्या, एकाच नमुन्यात अनेक गोष्टी शोधायला) कुठेतरी वाचलंस आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, आणि घरचे, मित्रमैत्रिणी सगळे म्हणतायत की हे बायोटेकचं काम आहे, वेळ आहे तोवर ब्रँच बदल. बदलू का, असं विचारतेयस. माझं उत्तर आहे, नको. का नको ते सांगते.

तो कण बनतो कसा ते आधी बघ. ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) एक पातळ चकती असते, तिला अगदी बारीक आरपार भोकं, रुंदी २००-३०० नॅनोमीटर. एका बाजूने धातूचा थर देऊन तिचं इलेक्ट्रोड करायचं, सोन्याच्या सोल्युशनमध्ये करंट सोडायचा, मग चांदीच्या, मग परत सोन्याच्या, असे भोकात एकावर एक पट्टे चढत जातात आणि शेवटी चकती सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवली की काही मायक्रोमीटर लांबीच्या पट्टेदार काड्या सुट्या होतात. पट्टा किती लांब होणार हे ठरतं किती चार्ज सोडला त्यावर. म्हणजे फॅरेडेचा नियम! ९६,४८५ कूलॉमला एक मोल चांदी, हे तू पाठ केलंयस ना, तेच इथे बारकोड छापतंय. २००१ साली ‘सायन्स’ या जर्नलमध्ये हे काम छापून आलं, क्रिस्टीन कीटिंग, मायकेल नेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, आणि हे दोघंही मूळचे केमिस्ट्रीवालेच.

वाचायचं कसं, तर साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली. लाल उजेडात सोनं आणि चांदी जवळपास सारखीच दिसतात, पण निळ्या उजेडात चांदी लख्ख आणि सोनं काळपट, त्यामुळे पट्टे सरळ मोजता येतात. मग प्रत्येक कोडच्या, म्हणजे पट्ट्यांच्या वेगळ्या क्रमाच्या, काडीवर वेगळी अँटिबॉडी (ठरावीक गोष्टीलाच पकडणारं प्रोटीन) बसवायची, सगळ्या काड्या एकाच नमुन्यात सोडायच्या, वरून फ्लुरोसंट डाय (उजेड टाकला की चमकणारा रंग) लावलेली दुसरी अँटिबॉडी. कुठलं प्रोटीन सापडलं ते पट्ट्यांवरून कळतं आणि किती सापडलं ते डायच्या चमकेवरून. २००६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या टीमने एकाच टेस्टमध्ये जिवाणूचे स्पोअर, एक व्हायरस आणि एक प्रोटीन असं तिन्ही पकडून दाखवलं, घातक जंतू आणि विषांच्या जागी वापरतात तसले निरुपद्रवी नमुने घेऊन.

आता अडचणी कुठे येतात ते बघ, कारण नोकरी अडचणी सोडवणाऱ्याला मिळते. जैविक टेस्टच्या बफरमध्ये (pH स्थिर ठेवणाऱ्या सोल्युशनमध्ये) मीठ असतं, त्यात चांदीचे पट्टे खराब व्हायला लागतात, मग काडीवर सिलिकाचं पातळ कव्हर चढवावं लागतं. डाय धातूच्या फार जवळ असला तर त्याची चमकच दबते. आणि धातू जड, त्यामुळे काड्या तळाला बसतात, ट्यूब सतत हलवत ठेवावी लागते. यातला एक तरी प्रश्न बायॉलॉजीचा आहे का सांग? सगळी केमिस्ट्री आणि थोडी फिजिक्स.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या एकाच कणावर करिअर उभं करू नकोस. आज एका नमुन्यात अनेक टेस्ट करायच्या तर बहुतेक लॅबमध्ये रंगीत डाय भरलेले पॉलिस्टायरीनचे मणी दिसतील, पट्टेदार काड्या तेवढ्या पसरल्या नाहीत. कण बदलत राहतील, पण कुठल्याही पृष्ठभागावर अँटिबॉडी नीट बसवणं आणि तिथे नको ते चिकटू न देणं हे काम राहणारच, आणि ते ज्याला येतं त्याला अशा टेस्ट डेव्हलप करणाऱ्या कंपन्यांमध्ये मागणी असते.

बायॉलॉजी अजिबात नको असं नाही हं. प्रोटीन आणि अँटिबॉडीचा एखादा पेपर घे आणि संधी मिळेल तिथे एलायझा (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायची नेहमीची टेस्ट) स्वतःच्या हाताने कर, नुसती बघू नकोस. मी लॅबमध्ये होते तेव्हा आमच्या एका बॅचमध्ये ब्लँकलाही (ज्यात शोधायचं प्रोटीन नसतंच त्या नमुन्यालाही) सिग्नल यायला लागला, आठवडाभर आम्ही अँटिबॉडीला दोष देत बसलो आणि शेवटी कळलं की धुण्याची एक स्टेप घाईत अर्धवट झाली होती. ब्लँक, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने), कॅलिब्रेशन कर्व्ह (सिग्नलवरून प्रमाण काढायचा आलेख) याची सवय आत्तापासून लागली तर पुढे फार उपयोग होतो. त्याच्या जोडीला थोडं पायथन शीक, कारण हजारो काड्यांचे फोटो कोणी डोळ्यांनी मोजत नाही.

तू लिहिलंयस की पाच पट्ट्यांचे, दोन धातूंचे, ३२ कोड होतात. नाही होत गं. काडीला डोकं-शेपूट नसतं, उलटी पडली तरी तीच काडी, म्हणून दोन्हीकडून सारखे वाचले जाणारे ८ आणि उरलेल्या २४ चे अर्धे १२, असे २० च. सात पट्ट्यांचं आता तू करून पाठव, ७२ यायला हवेत.